पान लागलं नव्हतं

बाबा, पितळेची परात घागरीवर पालथी घातली आणि तिच्यावर दोन काड्या पडल्या, की जो आवाज निघायचा तो अजून माझ्या कानातून गेलेला नाही. आधी सावकाश, विहिरीत थेंब पडावेत तसा. मग तुमची बारी, विष उतरवायचं ते गाणं, सुरू झाली की बैलगाडी उतरणीला लागावी तसा धावत सुटायचा. मारुतीच्या पारावर तुम्ही बसलेले, समोर कोणी दुखणाईत माणूस, भोवती गावातल्या बाप्यांचं कडं. आपल्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणायचं, आणि 'चावलं' म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं. कोणाला पान लागलं आणि कोणाला नाही, हे ठरवणारे गावात तुम्ही एकटे होता. तुम्ही म्हटलं पान, की पान. पुढे ना दवाखाना, ना पोलीस, ना चिरफाड. लोक तुम्हाला महाराज म्हणायचे. मी बाबा म्हणायचो, आणि इतक्या वर्षांनी हा कागद पुढे ओढून बसलो तेव्हाही हात आपोआप तेच लिहून गेला. त्याचाही मला राग आला आहे.

मी आता मारेगावला मुलाकडे राहतो. मुलगा राजूरच्या कोळसा खाणीत जातो, सून घर बघते, मी सकाळी ओट्यावर बसून शाळेतल्या कविता म्हणतो. पाठ्यपुस्तकं किती बदलली, पण ओढ्याची कविता, पाखरांची, देवळाच्या घंटेची, सगळ्या तोंडात तशाच आहेत. समोरून जाणारी कॉन्व्हेंटची पोरं हसतात. हसू देत. मला खरा सल वेगळा आहे. छंद मला पुस्तकानं शिकवला नाही, तुमच्या परातीनं शिकवला. पोरांना कविता शिकवायला उभा राहिलो की बोटं टेबलावर जो ठेका धरायची तो तुमचा असायचा. आयुष्यभर मला जे सर्वात सुंदर वाटलं, त्याच्या बुडाशी तुम्ही मांडी घालून बसलेले आहात. उठा म्हटलं तरी उठत नाही.

गेल्या महिन्यात गावची चार पोरं मोटारसायकली घेऊन आली. तुमच्या समाधीच्या ओट्यावर टिनाचं छप्पर घातलं आहे म्हणाली, नागपंचमीला उद्घाटन. "मास्तर, तुमी महाराजायचे लेक. दोन शब्द तुमालेच बोला लागते." एकानं मोबाइलवर पत्रिका दाखवली. तुमचा फोटो, मागे फणा काढलेला नाग, आणि खाली लिहिलेलं, की एका घरावर डूख धरलेल्या नागाला महाराजांनी शांत केलं आणि गाव वाचवलं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. सगळ्यात लहानानं विचारलं, "खरी गोष्ट हाय नं हे, मास्तर?" मी सुनेला म्हटलं, चहा ठेव.

खरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तरी एकदा मी सांगतो. तुमच्या तोंडून गावानं ती खूप ऐकली, आज तुम्ही ऐका.

त्या घरात दोन भाऊ होते. थोरला संसारी, बोलका, रस्त्यात भेटला तर पाच मिनिटं सोडायचा नाही. त्याची बायको, दुसरीत माझ्या वर्गात शिकणारा मुलगा, आणि एक अंगावरची मुलगी. धाकटा एकटा, लग्नाचा राहिलेला, पण गळा असा की नागपंचमीला तुमच्या बारीला झील धरायला तोच लागायचा. तुम्ही म्हणायचे, "माह्या मागं हाच गाईन." स्वतःच्या लेकाबद्दल कधी बोलला नाहीत इतक्या मायेनं त्याच्याबद्दल बोलायचे. थोरला आणि त्याचा मुलगा नसला तर सारी जमीन धाकट्याची, हे समजायला वकील लागत नव्हता. पण तेव्हा कोणाच्या मनात ते येत नव्हतं. माझ्याही नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत थोरला जागलीला शेतात झोपला आणि सकाळी बैलगाडीत घालून आणला. ओठांवर फेस. धाकटाच गाडी हाकत होता. तुम्ही परात वाजवलीत, बारी म्हटलीत, उन्हं चढायच्या आत तो गेला. मग तुम्ही त्याचा पाय उचलून घोट्याजवळ बोट ठेवलंत. "पाहा. दोन दात." सगळे वाकून पाहायला लागले. बाबा, आपल्या मुलखात बाभळीचे काटे तुडवत वाढलेल्या कुठल्याही पायावर दोन टोचे सापडतात. माझ्या पायावर आजही सापडतील. पण तुम्ही दाखवले म्हणून ते दात झाले. मग तुम्ही सांगितलंत, की उन्हाळ्यात यांच्या शेताच्या धुऱ्यावर नाग मारला होता, त्याच्या जोडीदारणीनं डूख धरला. कोणीतरी म्हणालं, "पण मारला त धाकट्यानं, महाराज. थोरल्याले काहून चावलं?" तर कडेला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "जनावराले काय मतदारयादी पाह्यता येते काय? घर सापडलं, चावलं." मयताच्या जागीही दोन-चार जण हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "डूख माणसावर नसते, घरावर असते."

हे वाक्य मी आयुष्यभर घोळवलं आहे. कवितेच्या ओळीसारखं आहे ते, नेमकं आणि गोल. आणि त्या एका ओळीनं तुम्ही पुढच्या मरणाला आधीच कारण देऊन ठेवलंत. धाकटा तिथंच उभा होता. तो ऐकत होता.

मुलाचं सांगतो. वर्गात तो पुढच्या रांगेत खिडकीशी बसायचा. कविता म्हणायची इतकी घाई, की प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गिळून टाकायचा आणि पुढच्या ओळीवर उडी मारायचा. मी म्हणायचो, अरे, यमक तरी उच्चार. पाखरांची कविता शिकवली तेव्हा त्यानं हात वर केला होता. "गुरुजी, पाखरायले शाळा नसते काय?" मी म्हटलं, नसते. "मंग त्यायले कविता कोण शिकवते?" मी त्या दिवशी घरी येऊन आईला हे सांगितलं, आई पदर तोंडाला लावून हसली, आणि तुम्ही चुलीपाशी बसून म्हणालात, "मास्तर झाला अन् पोरायच्या गोष्टी घरी आणून राह्यला." पण बोलताना तुम्हीही हसत होता. असे दिवस होते. शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही यवतमाळहून मला छत्री आणली होती, लाकडी मुठीची. "भिजत जाऊ नोको, मास्तर लोकायनं कोरडं राह्यलं पाह्यजे." छत्री मला आवडली होती. हे लिहितो कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

त्या मुलाचा बाप गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळा. गावातली सगळी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. तोही फिरतो आहे. त्याच्या बैलावर लाल झूल आहे, आईच्या जुन्या लुगड्याची. घरोघरी बायका बोजारा देतात, कोणी लाडू, कोणी चार लाह्या, कोणी गूळ. आपल्या घरी आईनं त्याला करंजी दिली. मी दारात होतो, तो मला पाहून खास वर्गातली मान डोलावून गेला. दुपार कलली आणि त्याची आई त्याला दोन्ही हातांवर घेऊन पाराकडे धावत येताना दिसली. लाकडी बैल त्यानं सोडला नव्हता. मी जवळ गेलो. वास आला. कपाशीवर मारायच्या औषधाचा वास. त्या दिवसांत तो गावच्या वाऱ्यालाही असायचा, पण हा त्याच्या तोंडाशी होता, शर्टाच्या गळ्याशी होता. तुम्हालाही आला असणार. तुमचं नाक गावात प्रसिद्ध होतं, कुठल्या बिळात जनावर आहे ते तुम्ही वासावरून सांगायचे.

तुम्ही कडूनिंबाचा पाला मागितला. तुमचाच नियम होता तो, तुमच्या बापाकडून आलेला. पाला चघळायला द्यायचा. विष चढलं असेल तर कडू लागत नाही, गोड लागतो, म्हणजे पान लागलं. कडू लागला, तर पान नाही, दुसरं काही. तुम्ही पाला चुरगळून त्याच्या तोंडात घातला. त्यानं तो थुंकला आणि म्हणाला, "कडू हाये." शेवटचा शब्द न गिळता, इतकं स्वच्छ मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

तुम्ही वर पाहून सांगितलं, "गोड लागून राह्यलं त्याले. पान हाये. परात घ्या."

त्याची आई ओरडली. "नाही जी महाराज! कडू म्हणते तो! आता म्हटलं नं त्यानं, कडू म्हणून!" बायकांनी तिला मागं ओढलं. मी म्हणालो, बाबा, मीही ऐकलं, याला दवाखान्यात नेऊ. तुम्ही काड्या हातात घेत होता. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "मास्तर, तुही कविता तू शाळेत शिकव. इथं मी हाओ." आणि माणसं हसली. मुलाचा जीव जात होता आणि ती माझ्यावर हसली. धाकट्यानं झील धरली.

मी धावत डांबरी रस्त्यावर गेलो. राजूरकडून कोळशाचा ट्रक येत होता, मी आडवा उभा राहिलो. ड्रायव्हर शिव्या देत थांबला. ऐकल्यावर म्हणाला, "लाओ, जल्दी लाओ, मैं खड़ा हूँ." मी परत आलो. कडं मोडायचं नसतं, परात एकदा सुरू झाली की उतार पडेपर्यंत कोणी आत-बाहेर व्हायचं नाही, हाही तुमचाच नियम. दोन जण माझ्या आडवे उभे राहिले. दोघेही माझ्या शेजारचे, सकाळी माझ्याशी बोललेले. मी हाका मारतो आहे, बाबा, ट्रक उभा आहे, बाबा. तुमचे डोळे मिटलेले. ठेका वाढतो आहे. रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न आला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग ट्रक गेल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं तुमची परात थांबली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत होतो, की तुम्हाला ऐकू आलं नसेल. गलका होता, बायका रडत होत्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात मी भिंतीला टेकून बसलो होतो. आईनं तुम्हाला वाढलं, आणि भाकरीचा हात तसाच ठेवून म्हणाली, "मी करंजी देल्ली होती त्याले." तुम्ही घास मोडला. आई पुन्हा म्हणाली, "ओ, मी करंजी देल्ली होती. माह्या करंजीत त नसन काही?" तुम्ही म्हणालात, "गावातल्या समद्या बायकायनं काही ना काही देल्लं होतं त्याले. म्हणूनच सांगतलं, पान लागलं. आता कोणी कोणाकडं पाह्यनार नाही. तू कायले घोर करतं? जेव."

त्या क्षणी मला सगळं कळलं. तुम्ही ऐकलं होतं. तुम्ही वास घेतला होता. विष म्हटलं असतं तर सगळ्या गावाच्या चुली तपासाव्या लागल्या असत्या, प्रत्येक बाईच्या हाताकडे बोट झालं असतं, आणि तुमचा पहिला निवाडा, थोरल्याच्या घोट्यावरचे ते दोन दात, तेही उघडे पडले असते. एका पोराच्या बदल्यात तुम्ही गाव शांत ठेवलंत, स्वतःसकट. लोक त्यालाच आज शहाणपण म्हणतात. आणि आईचं काय झालं, ते तुम्ही पाहिलंत? त्यानंतर मरेपर्यंत तिनं कधी करंजी केली नाही. दवाखान्यात नेलं असतं, डॉक्टरनं तपासलं असतं, कुठल्या खाऊत काय होतं ते निघालं असतं, तर ती सुटली असती. तुम्ही तिला वाचवायला म्हणून जन्मभर त्या शंकेत कोंडलंत. मी तुमच्याशी बोलणं त्या दुपारनंतर सोडलं. हो-नाही पुरतं बोलायचो. तुम्ही कधी विचारलं नाहीत, काय झालं म्हणून. विचारायची गरज नव्हती.

त्या मुलाची आई त्याच घरात राहिली. जाणार कुठं? अंगावरची पोर, आणि समोर तोच दीर. पाणी भरायची, त्याची भाकर करायची, वेचायला जायची. विहिरीवर बायका तिला म्हणायच्या, जरा दूर भर बाई, तुझ्या घरावर डूख आहे. शाळेवरून जाताना ती खिडकीत क्षणभर थांबायची, पहिल्या रांगेकडे पाहायची आणि जायची. त्या वर्षी मी पाखरांची कविता शिकवली नाही, पुस्तकातलं ते पान उलटून पुढे गेलो.

मग एका हिवाळ्यात, तूर शेंगांवर आली असताना, धाकटा सकाळीच तुरीत पडलेला सापडला. मानेत कुऱ्हाड. कुऱ्हाड त्यांच्याच घरची, रोज दारामागे असायची ती. या वेळी पाय उचलून दात दाखवायची सोय नव्हती. पोलीस आले, चार-सहा जणांना चावडीवर बडवलं, कोणी काही बोललं नाही. तिला दारात उभं करून विचारलं. ती म्हणाली, मी पोरीला पाजत होते. मग फौजदार तुमच्याकडे वळला, कारण गावानं तुमचंच नाव सांगितलं. आपल्याच ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, मी आत होतो.

"महाराज, या घरात आधीच दोन गेले. कसे गेले?"

"पान लागलं, साहेब. दोघालेबी."

"नक्की? या बाईचं दिराशी काही वैर? नवऱ्यावरून, पोरावरून?"

"वैर जनावराचं होतं, साहेब. माणसाचं नाही."

बस. जिला वैरच नाही ती कुऱ्हाड कशाला उचलेल? तुमच्या शब्दावर तो तपास जो थंड पडला तो आजवर थंडच आहे. कुऱ्हाड कोणी चालवली ते कोणाला कळलं नाही. ती मुलीला घेऊन आदिलाबादकडे भावाच्या गावी निघून गेली. एस.टी.त चढताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण गावाचं तोंड कोण धरणार? समोर 'नागाचा कोप' आणि पाठीमागे 'तिनंच केलं'. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं बोलायला गावाला कधी अडचण झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाहा, माझ्या खोट्यानं ती फासावर जायची वाचली. मला माहीत आहे. पन्नास वर्षं माझा राग या एकाच दगडावर येऊन अडखळतो. फौजदाराशी बोलताना तुम्ही एकदा, एकदाच, तिच्या दाराकडे पाहिलंत, तेही मी आतून पाहिलं. तिच्यासाठी बोललात की स्वतःच्या नावासाठी, हे तुम्ही सांगितलं नाहीत. तिच्यासाठी बोलला असाल तर ज्या दिवशी ती ओरडत होती, कडू म्हणते, कडू म्हणते, त्या दिवशी का नाही ऐकलंत? पोर मेल्यावर तिला न्याय आणि ते जिवंत असताना त्याला परात? मी तुम्हाला यातलं काहीही माफ करत नाही. आणि एक सांगू? तुमचं दुखणं आलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या मले." सलाईन लावून घेतलीत. डॉक्टरला दोन्ही हात जोडून "जी साहेब" म्हणालात. मी उशाशी बसून होतो. मला वाटत होतं, आता कोणीतरी तुमच्या पलंगाभोवती कडं करून उभं राहावं आणि डॉक्टरला आत येऊ देऊ नये.

परवा फोन आला. अनोळखी नंबर. "मास्तरकाका, तुमच्या गावची लेक बोलून राह्यली." अंगावरची ती मुलगी, आता पन्नाशीची, तिकडे अंगणवाडीत शिकवते. कोणीतरी तिलाही ती पत्रिका पाठवली होती, फणा काढलेल्या नागाची. आई अंथरुणावर आहे म्हणाली, उठवत नाही, पत्रिका तिला वाचून दाखवली आणि तेव्हापासून तिनं ताट बाजूला सारलं आहे. "काका, तुमी बोलनार हायेत नं तिथं? एवढंच म्हणा, की माह्या भावाले पान नव्हतं लागलं. दुसऱ्या कोणी म्हटलं त कोणी मानणार नाही. त्या घरातून आलं पाह्यजे, आई म्हणते."

मी म्हटलं, बाई, विचार कर. पान नव्हतं म्हटलं की विष होतं म्हणावं लागतं. विष म्हटलं की कोणी घातलं ते लोकच म्हणतील. आणि मग कुऱ्हाडीचं बोट सरळ तुझ्या आईकडे वळेल. इतकी वर्षं त्या नागानंच तिला झाकलं आहे.

मागून म्हातारीचा आवाज आला, काय म्हणते मास्तर, काय म्हणते. लेकीनं तिला सांगितलं आणि मग मला म्हणाली, "काका, आई म्हणते, मले फाशी द्या म्हणा. पण माह्या लेकराले जनावर नोका लावू. तो कडू म्हणत होता."

मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मास्तर लोकांनी कोरडं राहावं ना. उद्या नागपंचमी. सकाळी पोरं गाडी घेऊन मला न्यायला येतील, मंडपात पुढच्या खुर्चीवर बसवतील, गळ्यात हार घालतील. आडवे उभे राहिलेले ते दोघे केव्हाच गेले, त्यांची नातवंडं पंगतीत वाढायला आहेत. दुपारपासून मी या कागदावर आहे. दोन शब्द लिहायला बसलो होतो, आणि हे तुम्हाला लिहिलं गेलं. माईकसमोर उभा आहे असं समजून 'माझ्या वडिलांनी खोटं सांगितलं' हे म्हणून पाहिलं, आरशात नाही, आत स्वयंपाकघराच्या दाराशी, सून भाजी निवडत होती तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ती म्हणाली, "बाबा, काही पाह्यजे काय?" मी म्हटलं, काही नाही, कविता आठवत होतो. म्हणजे माझी अवस्था तुम्हाला कळेल. बोललो तर त्या म्हातारीचं शेवटचं अंथरूण पोलिसांनी नाही तरी गावानं घेरलंच. न बोललो तर ते पोर तुमच्या नागासोबत त्या टिनाखाली कायमचं बसवलं जाईल, दरवर्षी त्याच्या नावानं परात वाजेल.

आत्ताच फाटकाशी ऑटो थांबला. कोणी पोरंच असतील, उद्याची वेळ सांगायला आली असतील, असं वाटून मी लिहीतच राहिलो. सून बाहेर गेली. तिचं बोलणं खिडकीतून येतं आहे. "कोण पाह्यजे, आजी? दमानं, दमानं. पायरी हाये तिथं." मग एका म्हातारीचा धाप लागलेला आवाज. "मास्तर हायेत काय घरी? सांग त्यायले, त्यायच्या शाळेत दुसरीत पोरगा होता, त्याची माय आली म्हणून. उद्या मीबी संग येतो म्हणा. मास्तर बोलले नाही त मी बोलन. मले फक्त तिथवर नेऊन सोडा."

मी खिडकीतून पाहिलं. अंथरुणावरून उठत नाही म्हणाली होती लेक. ओट्यावर बसली आहे, काठी मांडीवर, सून तिला पाणी देते आहे, ती तांब्या दोन्ही हातांनी धरून पिते आहे. लेक कुठं दिसत नाही. एकटीच आली आहे, तिकडून एस.टी.नं, इथं चौकातून ऑटोनं.

आता ती बोलायची नाही, मी बोलेन. तिच्या शेजारी उभा राहून बोलेन. हा कागद इथंच राहील, तुमचा पत्ता मला ठाऊक नाही आणि ठाऊक असता तरी टाकला नसता. बाहेर जायच्या आधी एवढंच. ती समोर बसेल, आणि एक गोष्ट मी तिला विचारणार नाही, त्या हिवाळ्यातल्या सकाळची. विचारली तर ती सांगेल, अशी भीती वाटते. मला ऐकायचं नाही, बाबा. तेवढ्यापुरता मी तुमचाच लेक आहे.